ईस्ट हॅमहून केपल स्ट्रीटला

खिडकीच्या काचेवरून आतल्या बाजूने पाणी ओघळतंय. बाहेर पाऊस नाही. रात्रभर बंद खोलीत दोघींच्या श्वासाची वाफ गार काचेवर जमलीय आणि थेंबाथेंबाने लाकडी चौकटीवर उतरतेय. मदुराईची माझी रूममेट पांघरुणात गुरफटून झोपलीय. मी जुन्या टी-शर्टाच्या बोळ्याने काच पुसते, बोळा बेसिनमध्ये पिळते, पुन्हा पुसते. खालच्या कोपऱ्यात, भिंत आणि चौकट जिथे मिळतात तिथे, काळे ठिपके आहेत. गेल्या आठवड्यात ब्लीच लावून घासले तेव्हा भिंत स्वच्छ झाली होती. आता ते परत आलेत. जवळून पाहिलं तर प्रत्येक ठिपक्याभोवती राखी रंगाची बारीक लव दिसते. बोट लावलं की ओलसर लागतं आणि बोट काळं होतं.

सकाळचे साडेसहा. नोव्हेंबर संपत आलाय, उजाडायला अजून तासभर आहे.

घर पूर्व लंडनमधल्या ईस्ट हॅमचं, एकाच्या भिंतीला दुसरं लागून असलेल्या लांबच लांब रांगेतलं. खाली एके काळी दिवाणखाना होता, त्यालाही दार बसवून खोली केलीय. पाच खोल्या, आठ माणसं, एक स्वयंपाकघर, एक न्हाणीघर. हीटर सकाळ-संध्याकाळ ठरलेले तासच चालतो, ते तास घरमालकाने ठरवलेत. खिडकी उघडी ठेवली तर ऊब जाते, बंद ठेवली तर भिंती ओलावतात. कपडे बाहेर वाळत घालायला ऊनच नाही, म्हणून ते रेडिएटरवर वाळतात आणि त्यांतलं पाणीही शेवटी याच काचेवर येतं. घरमालकाला बुरशीचे फोटो पाठवले, तर खिडक्या उघड्या ठेवत जा, एवढंच उत्तर आलं.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर हैदराबादचा मुलगा बसलाय, बुटांच्या नाड्या सोडतोय. डेटा अॅनालिटिक्समध्ये मास्टर्स करतो, आठवड्यातल्या काही रात्री एका वेअरहाउसमध्ये पेट्या उचलतो. आता तिथूनच आलाय. नाडी सोडता सोडता खोकला येतो, तो तोंडावर कोपर धरून खोकतो, थांबतो, पुन्हा खोकतो. हा खोकला मी भिंतीपलीकडून ऐकत आलेय. पंधरवडा तर कधीच उलटून गेला.

"जीपीकडे नाव नोंदवलं का?" मी हिंदीत विचारते. जीपी म्हणजे इथला भागातला फॅमिली डॉक्टर.

"वेळ कुठेय? आणि सर्दीच आहे, थंडीची."

"आल्यापासून वजन कमी झालंय तुझं."

"स्वतःच्या हातचं खातोय ना," असं म्हणून तो बूट हातात घेऊन वर जातो.

माझी आई पंढरपूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्य सेविका आहे. तिथल्या भिंतीवर लहानपणापासून एक पोस्टर बघत आले: दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा. ते पोस्टर वाचत मी अक्षरं शिकले असं आई सगळ्यांना सांगते. म्हणून असा खोकला कानावर आला की माझं दुसऱ्या कशात लक्ष लागत नाही.

स्वयंपाकघरात इबादानची मुलगी भात गरम करतेय. ती नर्सिंग शिकतेय, तिची वॉर्डातली पाळी साडेसातला सुरू होते. गॅस आम्ही वाटून घेतलाय, सातपर्यंत तिचा. मी केटल लावते. लंडनचं पाणी जड, केटलच्या तळाला चुन्याचा पांढरा थर धरलाय. आमच्या बोअरच्या पाण्याचाही असाच धरतो. आईचा फोन येतो. तिकडे बारा वाजून गेलेत, मागे लहान मुलाचं रडणं आणि खुर्च्या सरकवल्याचा आवाज.

"काय करायलीस गं? खाल्लंस का?"

"शेंगदाण्याची चटणी आणि ब्रेड."

"भाकरी कर की. पीठ मिळतंय म्हणालीस ना?"

मिळतं. हाय स्ट्रीट नॉर्थवर ज्वारीचं पीठ, कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, सगळं मिळतं. दुकानं बहुतेक तमिळ आणि मल्याळी लोकांची, आणि थोडं पुढे महालक्ष्मीचं देऊळसुद्धा आहे. पण भाकरी भाजताना धूर झाला की छतावरचा अलार्म कोकलायला लागतो आणि रात्रपाळी करून झोपलेले तिघं जागे होतात. म्हणून भाकरी फक्त रविवारी. आईला हे सांगत नाही, रविवारी करते एवढंच सांगते. भिंतीबद्दल मात्र सांगते. ती म्हणते, "चुना मारून घ्या," आणि मग लगेच, "तुला दम लागत नाही ना?" हा प्रश्न ती ज्या आवाजात विचारते तो आवाज मला ओळखीचा आहे, पेशंटला विचारतानाचा. लागत नाही, मी सांगते. तिची रांग खोळंबलेली असते. फोन बंद.

गाडीत बसायला जागा मिळते. ईस्ट हॅमहून हॅमरस्मिथ अँड सिटी लाइनची गाडी थेट यूस्टन स्क्वेअरला जाते, मधे बदलावी लागत नाही. १८६३ साली जगातली पहिली भुयारी रेल्वे ज्या मार्गावर धावली, त्याचा काही भाग या वाटेत लागतो. बसने गेलं तर कितीही लांब जा, एकच भाडं, २०२५ मध्ये एक पौंड पंचाहत्तर पेन्स, आणि पहिल्यांदा कार्ड लावल्यापासून तासाभरात कितीही बसगाड्या बदलल्या तरी जादा काही नाही. पण सकाळच्या गर्दीत बसचा भरवसा नाही. माझ्या समोर एक बाई डोळे मिटून बसलीय, गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र. शेजारी दोन मुलं झोपलीत, बुटांवर सिमेंट. आठच्या आधीची गाडी अशाच लोकांची.

केपल स्ट्रीटवर वळलं की मी दर वेळी मान वर करते. मी शिकते त्या लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनची ही इमारत १९२९ मध्ये उघडली. संस्था त्याहून जुनी, १८९९ ची. दर्शनी भागात सज्ज्यांच्या लोखंडी कठड्यांवर सोन्याचा मुलामा दिलेले प्राणी बसवलेत: डास, पिसू, ढेकूण, गोचीड, उंदीर. ज्यांच्यामुळे माणसं मेली, त्यांनाच दारावर जागा. आणखी वर, दगडात कोरलेली नावं: पाश्चर, कॉख, लिस्टर, जेन्नर. त्यांतच रॉस. डासातून मलेरिया पसरतो याचा पुरावा रोनाल्ड रॉसने १८९७ साली आपल्या सिकंदराबादमध्ये शोधला. मूळची तेवीस नावं सगळी पुरुषांची. २०१९ मध्ये मेरी क्युरी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि अॅलिस बॉल या तिघींची नावं कोरली गेली. एक नाव मी पहिल्या आठवड्यात शोधलं आणि मिळालं नाही. पटकी पाण्यातून पसरते हे दाखवणारा जॉन स्नो या भिंतीवर नाही.

पहिलं लेक्चर घर आणि आरोग्य यावर आहे. पडद्यावर छताजवळच्या एका कोपऱ्याचा फोटो येतो, काळ्या बुरशीने भरलेला. रॉचडेल गावातल्या भाड्याच्या घरातला अवाब इशाक. डिसेंबर २०२० मध्ये गेला, दोन वर्षं नुकतीच पूर्ण झालेली. बापाने २०१७ पासून तक्रार केली होती. भिंत रंगवून घ्या, असं त्याला सांगण्यात आलं. मृत्यूची चौकशी पूर्ण झाली नोव्हेंबर २०२२ मध्ये, आणि निष्कर्ष निघाला की घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्यामुळे श्वसनाचा गंभीर आजार होऊन तो गेला. त्याच्या नावाचा कायदा २७ ऑक्टोबर २०२५ ला अमलात आला. तातडीचा धोका असेल तर घरमालकाने चोवीस तासांत हालचाल करायची, ओल आणि बुरशीची गंभीर तक्रार आली तर कामाच्या दहा दिवसांत तपासणी करायची. मात्र हे फक्त सामाजिक गृहयोजनांमधल्या घरांना. खाजगी भाडेकरूंना तो लागू व्हायचा आहे.

आमच्या प्राध्यापिका पडद्याकडे पाठ करून विचारतात, "तुमच्यापैकी किती जणांच्या खोलीत बुरशी आहे?"

हात वर होऊ लागतात. ढाक्याचा डॉक्टर, साओ पाउलोची पोषणतज्ज्ञ, लेगॉसचे दोघं, मी. अर्ध्याच्या वर वर्ग. त्या हात मोजतात, फळ्यावर आकडा लिहितात आणि म्हणतात, "आता सांगा, तक्रार किती जणांनी केली?" हात भराभर खाली येतात. माझा राहतो, अजून एक-दोघांचे राहतात. पुढचा प्रश्न, दुरुस्ती किती ठिकाणी झाली, याला एकही हात नाही. पुढचा अर्धा तास वर्ग याच तीन आकड्यांवर चालतो: कोण तक्रार करतं, कोण करत नाही, आणि का. ढाक्याचा डॉक्टर म्हणतो, "घर सोडायला सांगितलं तर डिपॉझिट आणि नवी खोली कुठून आणू?" प्राध्यापिका हे वाक्य जसंच्या तसं फळ्यावर उतरवतात. मला हा वर्ग याचसाठी आवडतो.

नंतर सगळे मिळून चालत सोहोला निघतो. पाऊस नुसता भुरभुरतोय. टॉटनहॅम कोर्ट रोड ओलांडून, ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या नाताळच्या रोषणाईखालून, मग आत, अरुंद गल्ल्यांमध्ये. ब्रॉडविक स्ट्रीट, स्नोच्या काळातला ब्रॉड स्ट्रीट. कोपऱ्यावर जॉन स्नोच्या नावाचा पब. बाहेर फुटपाथच्या कडेला लालसर ग्रॅनाइटचा एक दगड आणि जवळच काळा हातपंप, मूळच्या पंपाची प्रतिकृती. पंपाला दांडा नाही, मुद्दाम बसवलेला नाही.

१८५४ च्या ऑगस्टअखेरीस या गल्लीत पटकी सुरू झाली. पहिल्या तीन दिवसांत सव्वाशेच्या वर माणसं गेली, साथ संपेपर्यंत सहाशेहून अधिक. रोग घाणेरड्या हवेतून पसरतो अशी तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरांची खात्री. स्नो मृतांची यादी घेऊन दारोदार गेला आणि प्रत्येक घरी एकच गोष्ट विचारत राहिला: पाणी कुठून आणता? प्राध्यापिका आम्हाला त्याच दारांवरून नेतात. इकडे पोलंड स्ट्रीटचं वर्कहाउस होतं, पाचशेहून जास्त निराधार माणसं दाटीवाटीने राहायची, पण तिथे मेले पाचच. त्यांची विहीर स्वतःची होती. तिकडे दारूची भट्टी, कामगार तिथलीच बीअर प्यायचे, त्यांतलं कुणी गेलं नाही. आणि सगळ्यांत विलक्षण, दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा. त्या भागात साथीचं नाव नव्हतं आणि ती मेली. तिच्या मुलाने सांगितलं, आईला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची, रोज बाटली भरून जायची.

८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला. साथ तोवर ओसरू लागली होती, हे स्नोने स्वतःच लिहून ठेवलंय. मला त्याचा हा प्रामाणिकपणा त्याच्या शोधाइतकाच मोठा वाटतो. पुढे हेन्री व्हाइटहेड नावाच्या तरुण पाद्र्याने मूळ शोधलं: चाळीस नंबरच्या घरातलं आजारी तान्हं मूल, आईने त्याची लंगोटी धुतलेलं पाणी तळघरातल्या मैल्याच्या खड्ड्यात ओतलं, आणि तो खड्डा विहिरीपासून हातभर अंतरावर. व्हाइटहेडचा आधी स्नोवर विश्वास नव्हता. तो स्नोला खोटं ठरवायला घरोघर फिरला, आणि फिरून आल्यावर त्याने आपलं मत बदललं.

"तुमच्याकडे हे काम आज कोण करतं?" प्राध्यापिका एकेकाला विचारतात.

माझी पाळी येते. मी पंपाच्या दगडाशी उभी राहून सांगते. आमच्या गावात टाकीत पाणी शुद्ध करणारी टीसीएल पावडर टाकतात आणि रोज सकाळी जलसुरक्षक ओटी टेस्ट करतो. परीक्षानळीत नळाचं पाणी घ्यायचं, औषधाचा थेंब टाकायचा; पिवळा रंग आला की पाण्यात क्लोरीन आहे. रंग आला नाही तर पाणी पुन्हा शुद्ध करायचं. आषाढीला पंढरपुरात लाखो वारकरी येतात. नदीच्या वाळवंटात, मुक्कामाच्या पासष्ट एकर तळावर, मठांत, शाळांत उतरतात. तेव्हा आईसारख्या सेविकांच्या नेमणुका टँकरपाशी लागतात. प्रत्येक टँकरची टेस्ट, प्रत्येकाची वहीत नोंद. लहानपणी शाळेला सुट्टी असली की मी आईबरोबर जायचे, रंग बघायचं काम माझं. पावसात, चिखलात, एकेक वारकरी येऊन विचारायचा, "माउली, पाणी चांगलं आहे ना?" आई नळी उंच धरून पिवळा रंग दाखवायची.

लेगॉसचा एकजण विचारतो, "आणि आधी? ही पावडर येण्याआधी?"

आधी पटकी यायची. यात्रेबरोबर यायची आणि परतणाऱ्या माणसांबरोबर गावोगाव जायची. सोलापूरकडे गावाच्या वेशीवर मरीआईचं ठाणं असतं, साथ आली की तिला गाऱ्हाणं घालायचे. माझ्या पणजीची दोन मुलं एकाच आठवड्यात गेली, असं घरात सांगतात. ही दोन मुलं कुठल्या वर्षी गेली ते कुणालाच माहीत नाही. या गल्लीत मेलेल्या माणसांचं नाव, वय, घर, तारीख लिहिलेली होती म्हणून स्नोला नकाशा काढता आला. आमच्याकडची कित्येक मरणं कागदावर आलीच नाहीत. हे मी बोलून जाते, आणि प्राध्यापिका म्हणतात, "यावर निबंध लिहा. मला वाचायचाय."

ग्रंथालयात तासभर बसते, जेवणाचा डबा पायऱ्यांवर खाते, अडीचला पुन्हा गाडी.

आज वेस्ट हॅमला उतरते. कामाच्या ठिकाणापर्यंत बस आहे, पण दिवसाउजेडी चालायची ही शेवटची संधी असते, चारच्या आत सूर्य मावळतो. स्टेशनजवळ थोडं चढलं की ग्रीनवे लागतो. घरांच्या छपरांपेक्षा किंचित उंच, सरळ जाणारा मातीचा बांध, वर फरसबंद पायवाट. सायकली जातात, माणसं कुत्री फिरवतात. या पायवाटेखाली मैलापाण्याचे प्रचंड नळ आहेत. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी एवढी वाढली की पार्लमेंटमध्ये बसणं अशक्य झालं. मग जोसेफ बॅझलजेट या इंजिनियरला पैसे आणि अधिकार मिळाले आणि त्याने शहराच्या पोटातून मोठ्या गटारांचं जाळं नेलं, नुसत्या मुख्य वाहिन्याच सव्वाशे किलोमीटरहून लांब. त्यांतली उत्तरेकडची वाहिनी इथून बेक्टनला जाते. दीडशे वर्षांनंतरही वापरात आहे. मागे वळलं की अॅबी मिल्सचं पंपिंग स्टेशन दिसतं, १८६८ साली पुरं झालेलं, घुमट आणि नक्षीच्या खिडक्या असलेलं. मैला उपसायच्या जागेवर एवढी कलाकुसर ज्यांनी केली त्या लोकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पण या बांधाची दुसरी गोष्टही इथेच उभं राहून आठवावी लागते. १८६६ मध्ये लंडनवर पटकीची शेवटची मोठी साथ आली ती याच पूर्व भागात. पश्चिमेकडची गटारं जोडून झाली होती, पूर्वेची व्हायची होती. साडेपाच हजारांवर माणसं गेली. आजही ज्या न्यूहॅम विभागात मी राहते, तिथे क्षयरोगाचं आणि घरांतल्या दाटीचं प्रमाण इंग्लंडमध्ये सर्वांत जास्त असलेल्यांत मोडतं. सोय आधी पश्चिमेला पोचते आणि इकडे मागाहून, हे १८६६ चं आहे आणि माझ्या खोलीचंही आहे.

केअर होममध्ये शिरताना हात धुते, घड्याळ काढते, एप्रन बांधते. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करता येतं, ते मी इथे करते. २०२५ मध्ये किमान वेतन तासाला बारा पौंड एकवीस पेन्स होतं. घरी सांगितलं तेव्हा बाबा गप्प झाले होते, म्हाताऱ्या माणसांचं सगळं करावं लागेल म्हणून. आई म्हणाली, "मी काय करते मग?"

सहा नंबरच्या खोलीतल्या आजींना नव्वदी ओलांडून गेलीय. जन्म कॅनिंग टाउनचा, इथून दोन मैलांवर. त्यांना पातळ पाणी गिळता येत नाही, ठसका लागतो आणि पाणी फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. म्हणून पाण्यात, चहात, सरबतात थिकनरची पावडर घालायची. मी कपात दोनशे मिली चहा मोजते, पावडरीचा चमचा सपाट करून टाकते, ढवळते, आणि थांबते. घाई केली तर गुठळ्या होतात. चमचा उचलून तिरका केला की चहा धारेने न पडता जाडसर ओघळला पाहिजे. मग पलंगाची पाठ पूर्ण उभी करते, हनुवटी किंचित खाली, आणि अर्धा चमचा ओठांशी. गिळलं का, हे गळ्याकडे बघून ठरवायचं. मग पुढचा.

"बाहेर पाऊस आहे का, लव्ह?" त्या विचारतात. रोज विचारतात.

"थांबला आत्ताच."

"आम्ही दहा जण होतो घरात. अंगणात एक नळ. थंडीत गोठायचा, बाबा कागद पेटवून धरायचे त्याच्याखाली."

"आमच्याकडे आठ आहेत," मी म्हणते.

त्या माझ्याकडे नीट बघतात. "अजूनही?" त्यांना खरोखर आश्चर्य वाटलंय. मी अजून अर्धा चमचा पुढे करते. पंचवीस मिनिटांत एकशे वीस मिली जातं. उरलेला चहा त्या हाताने दूर सारतात. दारामागच्या फ्लुइड चार्टवर वेळ आणि आकडा लिहिते, खाली सही. दिवसाची बेरीज आठशे ऐंशी. हजाराच्या खाली राहिली तर नर्सला सांगायचं असतं, म्हणून जाऊन सांगते. ती म्हणते, आठ वाजता पुन्हा प्रयत्न कर. आठ वाजता संत्र्याच्या सरबतावर त्या राजी होतात आणि आणखी दीडशे जातं. बेरीज एक हजार तीस. पाळी संपवून निघताना मला दिवसातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा या आकड्याने जास्त बरं वाटतं.

दहा वाजता घरी येते तेव्हा हैदराबादचा मुलगा स्वयंपाकघरात डाळ ढवळतोय. आज त्याची रात्रपाळी नाही. कढईवर वाकला की खोकतो आणि तोंड बाजूला करतो. मी कोट न काढताच खुर्ची ओढून बसते.

"किती आठवडे झाले, खरं सांग."

तो गॅस बारीक करतो. "चार. पाच असतील."

"रात्री घाम येतो?"

तो उत्तर द्यायच्या आधी दाराकडे बघतो. "येतो. रजईने येत असेल असं वाटलं." मग हळूच, "टीबी असला तर परत पाठवतील ना? व्हिसाच्या आधी एक्स-रे काढला होता, तेव्हा काही नव्हतं. कर्ज आहे घरावर."

आमच्या सगळ्यांचं तेच आहे. माझ्या फीतली अर्धी शिष्यवृत्तीतून, उरलेली बँकेच्या कर्जातून, आणि तारण म्हणून बाबांचं घर. मी त्याला मला माहीत आहे ते सगळं सांगते. टीबी असेलच असं नाही, पण तपासल्याशिवाय कळणार नाही. व्हिसाआधीचा एक्स-रे तेव्हाचा रोग दाखवतो. शरीरात सुप्त असलेले जंतू त्यात दिसत नाहीत आणि जाग्रण, उपासमार, ओल यांनी ते पुढे डोकं वर काढू शकतात. व्हिसाच्या वेळी वर्षाला सातशे शहात्तर पौंड आरोग्य अधिभार त्यानेही भरलाय, म्हणजे डॉक्टरांची फी आगाऊच दिलेली आहे. इबादानची मुलगी पाळीवरून येते, बूट काढता काढता सगळं ऐकते आणि त्याच्या हातातला चमचा काढून घेते. "डाळ मी बघते. तू फॉर्म भर."

तो फोन काढतो. जवळच्या जीपीचं नाव, जन्मतारीख, पत्ता. 'सध्या काही त्रास आहे का' या रकान्यापाशी तो थांबतो. मी म्हणते, "लिही. खोकला पाच आठवडे, रात्री घाम, वजन कमी." तो एकेक शब्द टाइप करतो. पाठवतो. सोमवारी सकाळी आठ वाजता, फोन सुरू होताच, आम्ही दवाखान्याला फोन लावणार आहोत, आणि मी त्याच्याबरोबर जाणार आहे. मी खिडकी दोन बोटं उघडते. थंड हवा आत येते, कुणी तक्रार करत नाही. मदुराईची खाली येते, चार ताटल्या काढते.

पुढच्या सप्टेंबरात तुमच्या घरातलं कुणी इंग्लंडला शिकायला येत असेल, तर त्याला एवढं सांगा. खोली, बँक, सिमकार्ड यांच्या आधी नाही तर निदान त्यांच्याबरोबर, पहिल्याच आठवड्यात जीपीकडे नाव नोंदवायचं. त्यासाठी ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, व्हिसाचा कागद यांतलं काहीही दाखवणं बंधनकारक नाही. आपल्यासारख्या देशांतून नव्याने आलेल्या सोळा ते पस्तीस वयाच्या लोकांसाठी सुप्त क्षयाची रक्ततपासणी न्यूहॅमसारख्या भागांत मोफत होते, ती मागून घ्यायची. भिंतीवर बुरशी आली तर फोटो काढून, तारीख घालून, लेखी तक्रार करायची आणि तिची प्रत ठेवायची. खोकला तीन आठवड्यांवर गेला तर डॉक्टरांकडे जायचं. आणि टीबी निघालाच, तर घाबरून लपवायचा नाही: इंग्लंडमध्ये त्याची तपासणी आणि उपचार सगळ्यांना मोफत आहेत, व्हिसा कुठलाही असो.